कॅमेऱ्याचं तोंड कुणीकडे?

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आपल्या भाषेत आहे. पोलीस ठाण्याच्या पायरीबद्दल मात्र तशी म्हण नाही. मला वाटतं, ती करण्याची गरजच आपल्या पूर्वजांना भासली नसावी. ज्याला ती पायरी चढू नको म्हणून सांगावं लागतं, तो शहाणा कसला?

आम्हा मध्यमवर्गीयांचं आणि पोलिसांचं नातं तसं पाळण्यापासूनचं. ‘झोपतोस की बोलावू पोलिसाला?’ ही अंगाई ऐकत आमची पिढी झोपली. म्हणजे झोपेचं सोंग घेऊन पडून राहिली. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या आयांना खरं तर वाघाचीही सोय आहे. टिपेश्वरचं जंगल जिल्ह्यातच असल्यामुळं ती धमकी अगदीच पोकळ ठरत नाही. पण माझ्या आईनं वाघाला कधी तसदी दिली नाही. तिचा सगळा भर पोलिसावर. पुढं वय वाढलं, केस गेले, दात गेले, पण ती भीती काही गेली नाही. अजूनही एखादा शिपाई घराचा पत्ता विचारत आला की शेजारच्या चार खिडक्या उघडतात. तो बिचारा मुलाच्या पासपोर्टच्या चौकशीसाठी आलेला असतो. पण हे नंतर आम्हाला घरोघर जाऊन, न विचारता, सांगावं लागतं.

अशा या नात्यात गेल्या काही वर्षांत एक तिसरा येऊन बसला आहे. यंत्र. ठाण्यात संगणक आला, चौकात कॅमेरा आला, शिपायाच्या खिशात मोबाइल आला. आता या सगळ्यामुळं लोकांचा पोलिसांवरचा भरोसा वाढला की कमी झाला? हा प्रश्न मी आमच्या शेजारच्या जमादारांना विचारला. ते खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गल्लीत त्यांना कुणी अजून नावानं हाक मारत नाही. त्यांनी सुपारी कातरता कातरता मलाच उलट विचारलं, “भरोसा म्हनता मास्तर, तं कोनाचा कोनावर?”

पोलिसांना उलट प्रश्न विचारण्याची सवय असते, म्हणून मी तो तेव्हा सोडून दिला. पण पुढं विचार करताना दर वेळी त्या प्रश्नाशीच येऊन अडखळायला झालं.

आधी जुनी पद्धत कशी होती ते सांगतो, कारण तिच्याबद्दल हल्ली फार गोड बोललं जातं. मी एका तालुक्याच्या गावी मास्तर होतो, तेव्हा माझी सायकल चोरीला गेली. ठाण्यात गेलो. तिथल्या अंमलदारांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की सायकल मीच नेली असावी. मग प्रश्न सुरू झाले. सायकलला कुलूप होतं का? घंटी होती का? वाजत होती का? पावती आहे का? लग्नातली आहे? मग सासऱ्यांकडं पावती आहे का? अर्ध्या तासानं त्यांनी एका कोऱ्या कागदावर अर्ज लिहून घेतला आणि तो टेबलाच्या काचेखाली सरकवला. फिर्याद नोंदवली का म्हणून विचारलं, तर म्हणाले, “नोंदवली तर तपास करावा लागतो ना.” इतकं सरळ उत्तर मला नंतर कुठल्याच सरकारी कचेरीत मिळालं नाही.

पंचनाम्याचंही तसंच. पंच म्हणजे दोन प्रतिष्ठित, निःपक्षपाती नागरिक, असं कायद्याला अपेक्षित होतं. प्रत्यक्षात ठाण्यासमोरच्या पानठेल्यावर जे दोन नागरिक सापडत, ते प्रतिष्ठित. एकाच गृहस्थांची सही दारूच्या छाप्यावर, बैलचोरीवर आणि विहिरीतल्या प्रेतावर, अशी सगळीकडं दिसायची. आणि खटला उभा राहिला, की हेच पंच कोर्टात शपथेवर सांगायचे, “कागद कोरा होता साहेब, माझी फक्त सही घेतली.” त्यांचं हे एकच वाक्य खरं असायचं, पण नेमक्या त्याच वाक्यानं आरोपी सुटायचा.

तेव्हा यंत्र आलं ते काही रामराज्यात आलं नाही. देशभरातली ठाणी संगणकांनी जोडायची, फिर्यादी त्यातच लिहायच्या, अशी योजना केंद्र सरकारनं २००९ साली मंजूर केली. सीसीटीएनएस हे तिचं नाव. महाराष्ट्रातली ठाणी २०१५ साली तिच्यात आली. २०१६ साली सुप्रीम कोर्टानं हुकूम केला, की नाजूक प्रकरणं सोडून बाकीची फिर्याद चोवीस तासांच्या आत संकेतस्थळावर टाका. २०२१ साली राज्यात ११२ नंबर सुरू झाला. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदेच बदलले. आता फिर्याद मोबाइलवरून पाठवता येते, आणि झडती-जप्तीचं चित्रीकरण करणं पोलिसांना बंधनकारक आहे. पानठेल्यावरच्या नागरिकाच्या जोडीला मोबाइल हा तिसरा पंच आला. हा पंच कोर्टात फिरत नाही, दुपारी झोपत नाही आणि चहा मागत नाही. फक्त त्याची बॅटरी संपते.

मात्र घरबसल्या पाठवलेल्या फिर्यादीवर तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. म्हणजे पायरी काही चुकत नाही. ती चढायला धीर गोळा करावा, म्हणून सरकारनं तीन दिवसांची मुदत दिली आहे.

आणि भाषाही थोडी बदलली आहे. पूर्वी ‘साहेब राऊंडला गेलेत’ असं सांगत. हल्ली ‘सर्व्हर डाऊन आहे’ असं सांगतात. पूर्वी साहेब परत येईपर्यंत बाकावर बसता तरी यायचं. सर्व्हर कधी परत येईल ते साहेबांनाही माहीत नसतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण जमादारांचा तो प्रश्न, कोनाचा कोनावर, मला पुन्हा आठवला तो आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांमुळं. सरळ माणूस. आयुष्यात लाल दिव्याखालून सायकल नेली नाही. त्यांच्या मोबाइलवर एके सकाळी एक पोलीस अधिकारी प्रकटला. खांद्यावर चांदण्या, पाठीमागं झेंडा, भिंतीवर नकाशा. तुमच्या नावानं पार्सल सापडलंय, त्यात अमली पदार्थ आहेत, आता तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ केलेली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही! सहा तास ते गृहस्थ हलले नाहीत. बायकोनं जेवायला हाक मारली, तर तिलाच खुणेनं गप्प केलं. मुलीनं दुपारी येऊन फोन हिसकावून घेतला म्हणून मुदत ठेव वाचली.

डिजिटल अटक नावाची चीज कायद्यात नाही. खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये रेडिओवरून तसं सांगितलं. तक्रारीसाठी १९३० हा नंबर आहे, आणि तो फोन जितका लवकर केला तितकी पैसे वाचण्याची आशा जास्त. हे सगळं छापून येतं. तरी शिकलेली माणसं फसतात. का?

जमादारांना विचारलं तर ते खो खो हसले. “मास्तर, सहा घंटे कोन्ता पोलीस कोनाशी इतक्या गोडीनं बोलते? आमी तं सहा मिंटात हाकलत होतो. ज्यानं एकडाव ठाणं पाह्यलं, तो नाही फसत.”

हसण्यावारी नेलं तरी त्यांच्या म्हणण्यात मर्म आहे. चोराच्या हातात काय होतं? एक भाड्यानं आणलेला गणवेश आणि एक फोन. बाकीचं भांडवल आमचंच. पोलीस म्हटल्यावर प्रश्न विचारायचा नाही, कागद मागायचा नाही, कुणाला सांगायचं नाही, ही जी भीती आम्ही पाळण्यापासून जपली, ती चोरानं व्याजासकट वसूल केली. लोकांचा पोलिसांवर विश्वास असतो म्हणून ही फसवणूक चालते, असं काही शहाणे लिहितात. मला तसं वाटत नाही. ज्याच्यावर विश्वास आहे त्याला माणूस विचारतो, ‘बाबा रे, तू कोण, कुठल्या ठाण्याचा?’ भीती वाटते त्यालाच तो विचारत नाही. आम्ही इतकी वर्षं भीतीलाच भरोसा म्हणत आलो.

बरं, माणसाचं सोडा. यंत्रावर तरी डोळे मिटून भरोसा ठेवावा, तर आमच्याच जिल्ह्यानं त्याचा असा निकाल लावला की बोलायची सोय नाही. आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाचं गाव आहे. वस्ती दीडेक हजार. २०२५ च्या अखेरीस असं उघडकीला आलं, की या गावाच्या नावावर तीनेक महिन्यांत सत्तावीस हजारांहून अधिक जन्मांच्या नोंदी संगणकात झालेल्या आहेत. सत्तावीस हजार! म्हणजे दर दिवसाला तीनशे बारशी. घुगऱ्यांसाठी सगळ्या तालुक्याचे हरभरे पुरले नसते. गावाला पत्ताच नाही. कुणीतरी दूर बसून गावाचं लॉगिन वापरलं आणि लेकरांचा पाऊस पाडला. पोलिसांत गुन्हा दाखल झाला, विशेष तपास पथक बसलं.

मी विचार करतो तो वेगळाच. समजा जुनं जन्म-मृत्यूचं रजिस्टर असतं आणि एखाद्या ग्रामसेवकाला असलाच उद्योग करायची दुर्बुद्धी झाली असती, तर त्यानं किती नावं लिहिली असती? शंभर? दोनशे? पुढं त्याचा हात दुखला असता, दौत संपली असती, रजिस्टर संपलं असतं. नवं मागायला तालुक्याला गेला असता तर तिथल्या बाबूनं विचारलं असतं, ‘काऊन रे बाप्पा, गावात काय चाललंय काय?’ हात दुखणं हीसुद्धा एक तपासणीच होती. संगणकाचा हात दुखत नाही. तो खरं भराभर लिहितो आणि खोटंही भराभरच लिहितो. अर्थात हेही खरं, की चोर शोधायला जावं लागलं ते त्याच संगणकातल्या पाऊलखुणांवरून. शाईच्या डागावरून इतक्या दूरचा माणूस कुणाला सापडला असता?

म्हणजे यंत्र चांगलं की वाईट, हा वादच फोल आहे. ते कुणाच्या हातात आहे आणि कुणीकडे तोंड करून आहे, एवढंच पाहायचं असतं. यासाठी जिल्ह्यातलाच आणखी एक दाखला. खातं पोलिसांचं नाही, वनविभागाचं आहे, पण गोष्ट तीच. राळेगाव-पांढरकवडा भागात एका वाघिणीवर तेरा माणसांच्या बळींचा ठपका होता. सरकारी कागदात ती टी-१. वर्तमानपत्रांनी तिचं बारसं अवनी असं केलं. तिला शोधायला काय काय आलं! झाडाझाडाला कॅमेरे लागले. आकाशात ड्रोन फिरले. हत्ती आले, कुत्री आली, पॅराग्लायडर आलं. इतकंच काय, वाघिणीला मोह पडावा म्हणून परदेशी अत्तर शिंपडण्यापर्यंत मजल गेली. आमच्याकडच्या शेतमजुरांनी ते अत्तर जन्मात हुंगलं नसेल. जंगलाचा कोपरान्‌कोपरा यंत्रांनी पाहिला. आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती गोळी घालून मारली गेली, तेव्हा तिला आधी बेशुद्धीचं इंजेक्शन खरंच मारलं होतं का, ती अंगावर आली होती की पाठमोरी होती, यावर देशभर वाद पेटला. चौकश्या झाल्या, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. इतके कॅमेरे, पण सगळ्यांची तोंडं वाघिणीकडं! बंदुकीकडं तोंड केलेला एकही नव्हता. ज्या घरातलं माणूस वाघिणीनं नेलं होतं त्यांना बंदूकवाला देव वाटला, आणि लांबच्यांना खुनी. मधला खरा क्षण अंधारात राहिला, आणि अंधारात जे राहतं त्यावर ज्यानं त्यानं आपापली गोष्ट रचली.

बंदुकीकडं तोंड केलेला कॅमेरा ठाण्यात बसवा, असं सुप्रीम कोर्टानं २ डिसेंबर २०२० रोजी सांगितलं. देशातल्या प्रत्येक ठाण्यात, दारात, व्हरांड्यात, लॉकअपपाशी, ठाणेदारांच्या खोलीत. चित्रण अठरा महिने जपायचं, ते जमत नसेल तर निदान एक वर्ष. चोरांवर नजर ठेवायचे कॅमेरे आपल्याकडं चौकाचौकांत धडाधड लागले. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांना मात्र काहीतरी होत राहिलं. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये, राजस्थानात आठ महिन्यांत कोठडीत अकरा मृत्यू झाल्याची बातमी वाचून, कोर्टानं स्वतःहून हा विषय पुन्हा हातात घेतला. तोच कॅमेरा चौकात ऊन-पावसात टिकतो आणि ठाण्यात छपराखाली आजारी पडतो, हे वैद्यकशास्त्रालाही कोडं आहे.

हे मी जमादारांना वाचून दाखवलं. ते पहिल्यांदाच गंभीर झाले. म्हणाले, “चौतीस वर्सं नोकरी केली मास्तर. बीटमधलं घर न्‌ घर मले माहीत होतं. कोनाची सून माहेरी गेली, कोनाचा पोट्टा जुगारात बसला, सारं. गावानं माह्यावर भरोसा ठेवला. आता मानसावर भरोसा नाही म्हून डोक्यावर कॅमेरा टांगता? मंग इमानदारीले काय किंमत राह्यली?”

प्रश्न खरा आहे, आणि तो थट्टेवारी नेता येत नाही. पहारा आहे म्हणून नीट वागणारा माणूस आणि नीट वागतो म्हणून पहारा नको असलेला माणूस, यांत फरक आहेच. नवऱ्यावर नजर ठेवणारी बायको त्याच्यावर विश्वास ठेवते, असं कुणी म्हणणार नाही. पाहणं जिथं संपतं, तिथंच विश्वास सुरू होतो. मग ठाण्यात कॅमेरा लावून आपण विश्वासाची शेवटची शक्यताही पुसून टाकतो का?

यावर मला बीटमधलीच दुसरी बाजू आठवते. गावात कोंबडी चोरीला गेली, की हेच जमादार सायकल काढून आधी कुठं जात? पारधी बेड्यावर. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. पण खात्यातल्या सायकलींना वळण पडलं होतं ते पडलंच. जमादारांचा त्या बेड्याशीही घरोबा होता. पण तो कसला, हे त्या बेड्यावरच्या बाईला विचारायला हवं. मला जुन्या हवालदाराच्या ओळखीची हळहळ वाटते ती परवडते म्हणून. मला त्यानं फार तर ताटकळत ठेवलं. ज्याला त्यानं रात्री उचलून नेलं, त्याचा साक्षीदार कोण होता? त्याच्या बाजूनं पानठेल्यावरचे पंचही उभे राहत नव्हते. भिंतीवरचा चालू कॅमेरा हा त्या माणसाच्या सात पिढ्यांतला पहिला साक्षीदार आहे.

आणि यंत्राचं भय आहे तेही त्यालाच जास्त. नागपूरला २०२४ साली राज्य सरकारनं ‘मार्व्हल’ नावाची कंपनी काढली. पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्ता पुरवणं हे तिचं काम. चांगलं आहे. हजारो पानांची कागदपत्रं चाळायची तर माणसाचे डोळे पुरत नाहीत. पण असलं कुठलंही यंत्र शिकतं ते जुन्याच वह्यांवरून. वह्या जर सांगत असतील, की कोंबडी गेली की बेड्यावर जा, तर यंत्रही तेच सांगेल. फक्त रंगीत नकाशा काढून आणि सेकंदात सांगेल. जुन्या वह्यांना निदान वाळवी लागायची. एखाद्याच्या बापाचं नाव त्यात असलं, तर वाळवी ते कधीतरी खाऊन पोराला मोकळं करायची. यंत्राला वाळवी लागत नाही. म्हणून त्यातलं नाव केव्हा आणि कुणी पुसायचं, हे माणसांनीच आधी ठरवून ठेवलं पाहिजे, आणि ते ज्याचं नाव आहे त्याला पाहायला मिळालं पाहिजे.

जमादारांना मी हे सगळं एवढं सांगितलं नाही. मी त्यांना कापसाचं सांगितलं, कारण त्यांची सासुरवाडी शेतकऱ्यांची. १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, तेव्हापासून संकलन केंद्रांवर बैलबंड्यांच्या रांगा आपण पाहिल्या. नंतर व्यापारी आले, इलेक्ट्रॉनिक काटे आले. शेतकरी काही व्यापाऱ्याला तोंडावर चोर म्हणत नाही. त्याला दादा म्हणतो, भाऊ म्हणतो, चहा घेतो, लग्नाची पत्रिकाही देतो. पण गाडी काट्यावर चढवण्याआधी म्हणतो, “भाऊ, आकडे इकडं फिरवा. अन्‌ आधी शून्य दाखवा.” त्यात व्यापाऱ्याचा अपमान होत नाही. उलट जो न सांगता आकडे फिरवतो, त्याच्याच काट्यावर पुढच्या हंगामात गाड्यांची रांग लागते.

जमादार बराच वेळ गप्प होते. मग अडकित्ता मिटून म्हणाले, “म्हंजे कॅमेरा चालू ठेवा, अन्‌ तो मानसाले दिसू द्या.”

“हो.”

“मंग माह्यासारख्याले बरंच होतं ते,” ते म्हणाले. “दोनदा खोटी तक्रार झाली होती माह्यावर. कॅमेरा असता तं सुटलो असतो लवकर.”

हे त्यांनी चौतीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. सुपारी माझ्यापुढं सरकवत ते आत गेले, आणि मी तिथंच बसून मनात हिशेब करत राहिलो, की आमच्या गावातल्या ठाण्यातला कॅमेरा चालू आहे की बंद, हे विचारायला जायचं तर ती पायरी चढावी लागेल. चढायला हवी. शून्य बघायला काट्याजवळ जावंच लागतं. घरी बसून ते दिसत नाही.